गादे बघायला जाताना

जंगली प्राणी बघायला जाणं ही तशी अगदी अलीकडची गोष्ट आहे. मारायला जाणं जुनं, पकडायला जाणं जुनं. पण नुसतं बघायचं, परत यायचं आणि वर त्यासाठी पैसे मोजायचे, हे आपल्या पणजोबांना कोणी सांगितलं असतं तर ते हसले असते.

गेले काही महिने हा विषय डोक्यात घोळतोय, त्याला कारणं दोन. पहिलं म्हणजे माझा मावसभाऊ. तो नोकरीनिमित्त युगांडात, कंपालाला असतो. त्याने मागच्या वर्षी तिथल्या किबालेच्या जंगलात जाऊन चिंपांझी बघितले आणि त्याचं लांबलचक वर्णन घरच्या सगळ्यांना लिहून पाठवलं. दुसरं कारण म्हणजे माझा मामेभाऊ. माझं आजोळ देवबागचं. तारकर्लीच्या पुढे, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी जी जमिनीची चिंचोळी पट्टी आहे ना, तिथलं. मामाची बोट पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेते. मामेभावाला आता कर्ज काढून आणखी एक बोट घ्यायची आहे, पहिलीपेक्षा बरीच वेगवान. घरात त्यावर चर्चा चालू आहे आणि 'तू पुण्यात बसून काय म्हणतेस?' असं मलाही विचारण्यात आलंय.

मला फोनवर एका वाक्यात उत्तर देता येईना. म्हणून हा लेखनप्रपंच. घरचे वाचतीलच, बाकीच्यांनीही वाचा, कारण तुमच्यातले निम्मे तरी तारकर्लीला जाऊन आलेले आहात हे मला माहीत आहे :)

आधी चिंपांझींचं सांगते. मावसभावाने लिहिलं होतं ते थोडक्यात असं. सकाळी वनखात्याच्या ठाण्यावर नोंदणी. माणसांचे छोटे छोटे गट, प्रत्येक गटाबरोबर एक वाटाड्या. ज्याला सर्दी-खोकला असेल त्याने यायचं नाही. मग जंगलात चालत सुटायचं. वाटाड्या मधेच थांबून कान देतो. चिंपांझींच्या आरोळ्या लांबवर ऐकू जातात, मोठ्या झाडांच्या फळीसारख्या मुळांवर ते हातापायांनी धाडधाड वाजवतात, तो आवाजही. जमिनीवर पडलेली अर्धवट खाल्लेली उंबरासारखी फळं, ताजी विष्ठा, झाडावर रात्री फांद्या मोडून केलेली घरटी, हे सगळं बघत वाटाड्या दिशा ठरवतो. दोन तास चालल्यावर ह्यांना कळप सापडला. तोंडावर मास्क, ठरलेलं अंतर, खाणं-पिणं बंद. आणि कळप दिसला की घड्याळ लावतात. एक तास. तास संपला की समोर चिंपांझी बसलेले असले तरी पाठ फिरवून निघायचं.

हे मी मामाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "एक तास संपलो म्हणान परत? आणि पैशे किती घेतत?" म्हटलं, परदेशी माणसाकडून दोनशे-अडीचशे डॉलर. मामा जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "आमच्याकडे गिऱ्हाइकाक धा मिनिटात गादो व्हयो."

गादो म्हणजे डॉल्फिन. प्रमाण मराठीत गादा. आता पर्यटकांमुळे सगळेच डॉल्फिन म्हणतात, पण जुनी माणसं अजून गादाच म्हणतात. त्याच्याहून लहान, पाठीवर पर नसलेला, लाजाळू असा जो दुसरा प्राणी आपल्या किनाऱ्याला असतो, त्याचं नाव इंग्रजांच्या काळातल्या प्राणीशास्त्राच्या पुस्तकांत 'भुलगा' असं दिलेलं आहे, आणि ते मराठी नाव म्हणूनच नोंदलेलं आहे. म्हणजे ही नावं ठेवणारे कोळी, गाबीत, भंडारी असे समुद्रावर पोट असलेले लोक ह्या दोघांना वेगळं ओळखत होते. पोट भरणाऱ्याला असा फरक करावाच लागतो, कारण कुठला प्राणी जाळ्याला काय करेल हे त्यावर अवलंबून असतं.

मला ह्या सगळ्यात सर्वात जास्त कुतूहल वाटलं ते ह्याचं, की पूर्वी आपले लोक गाद्याकडे कसं बघायचे? देव म्हणून नाही आणि गंमत म्हणूनही नाही. गादा दिसला म्हणजे तिथे मासळी आहे. गादा आला म्हणजे जाळं फाटायची भीती आहे. शेजाऱ्याकडे आपण बघतो तसं काहीसं, थोडा उपयोग, थोडा वैताग. मुद्दाम त्याच्या वाटेला जायचं नाही आणि मुद्दाम त्याला बघायलाही जायचं नाही.

संरक्षणाची कल्पना मात्र फार जुनी आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला 26 वर्षं झाल्यावर जो पाचवा स्तंभलेख कोरवून घेतला, त्यात मारू नयेत अशा प्राण्यांची यादी आहे. त्यात 'गंगापुपुटक' असा एक शब्द येतो. तो गंगेतला डॉल्फिन असावा असं बरेच अभ्यासक मानतात. तोच प्राणी 2009 साली आपला राष्ट्रीय जलचर झाला. मधली सव्वादोन हजार वर्षं त्याला तेलासाठी मारणं चालूच राहिलं ती गोष्ट वेगळी.

आपल्या गाद्याची शास्त्रातली नोंद व्हायला 1829 साल उजाडलं. दुसुमिए नावाचा एक फ्रेंच व्यापारी-दर्यावर्दी हिंदी महासागरात फिरून प्राण्यांचे नमुने जमवायचा. मलबार किनाऱ्यावरून मिळालेल्या अशाच नमुन्यावरून पॅरिसच्या कुविए ह्या नामांकित शास्त्रज्ञाने ह्या डॉल्फिनला नाव दिलं. नावाचा अर्थ 'शिशाच्या रंगाचा'. पॅरिसमध्ये बसून मेलेल्या प्राण्यावरून दिलेलं नाव, पण रंग बरोबर आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात गाद्याची पाठ खरंच शिशासारखी दिसते. पुढे कित्येक वर्षं ह्या जातीला चीनकडच्या गुलाबी-पांढऱ्या डॉल्फिनबरोबर एकाच नावाखाली टाकलं जायचं. 2014 साली अभ्यासकांनी सगळे पुरावे तपासून ह्या दोन जाती वेगळ्या असल्याचं मांडलं. हिंदी महासागरातला, पाठीवर उंचवटा असलेला तो आपला. आणि वेगळा काढल्यावर लक्षात आलं की ह्यांची संख्या फार नाही. जागतिक यादीत आता तो 'संकटग्रस्त' ह्या वर्गात आहे.

म्हणजे बघा, 1829 पासून पुढची शंभर-सव्वाशे वर्षं डॉल्फिनचा 'अभ्यास' म्हणजे मुख्यतः मेलेल्या किंवा किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनचा अभ्यास. जिवंत प्राण्याच्या जवळ जाऊन, त्याला न मारता, न पकडता, नुसतं बघत बसायचं हे विसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झालं. 1955 साली अमेरिकेत सॅन दिएगोला एका माणसाने एक डॉलर घेऊन लोकांना बोटीतून देवमासे दाखवायला नेलं. बोटीतून देवमासे-डॉल्फिन बघायच्या धंद्याची सुरुवात तिथली मानतात. आणि 1960 च्या जुलैमध्ये जेन गुडाल नावाची 26 वर्षांची मुलगी टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात चिंपांझी बघायला जाऊन पोचली. (त्या बाई अगदी परवापरवापर्यंत जगभर फिरत होत्या. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या 91 व्या वर्षी गेल्या.)

गुडालबाईंची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. काडीने वाळवी काढून खाणारा चिंपांझी त्यांनी बघितला आणि माणूस म्हणजे हत्यार करणारा एकमेव प्राणी ही समजूत मोडली वगैरे. पण ते दिसायच्या आधीचे महिने कसे गेले ते फारसं सांगितलं जात नाही. त्या दिसल्या की चिंपांझी पळून जायचे. अगदी लांबूनच. रोज तेच कपडे, रोज तीच टेकडी, रोज नुसतं बसून राहणं. मग एका नराची भीती थोडी चेपली. तो तंबूपाशी येऊन केळी घेऊन गेला. तिथून केळी देण्याचा रिवाजच पडला. केळ्यांसाठी चिंपांझी तंबूशी येऊ लागले, जवळून बघता येऊ लागले, फोटो निघाले, जगभर गाजले.

आणि मग त्याची किंमत दिसू लागली. एका जागी इतके चिंपांझी एकत्र आल्यामुळे मारामाऱ्या वाढल्या. 1966 मध्ये गोंबेच्या चिंपांझींमध्ये पोलिओसारख्या आजाराची साथ आली, काहींचे हातपाय लुळे पडले, काही मेले. केळी वाटणं नंतर फार कमी करण्यात आलं. टांझानियातच महाले इथे जपानी अभ्यासकांनी ह्याच काळात उसाचं आमिष दाखवून चिंपांझींना सरावायला लावलं होतं, तेही 1987 पर्यंत बंद झालं. पुढचे अभ्यासक शहाणे झाले. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात 1979 पासून काम सुरू केलेल्या बोएश पती-पत्नींनी काहीही खायला न देता, नुसतं मागे मागे राहून प्राण्यांना सवय होऊ दिली. त्याला काही वर्षं लागली.

पण नुसत्या सवयीचीसुद्धा किंमत होतीच. ताईच्या जंगलात 1999 ते 2006 ह्या काळात चिंपांझी श्वसनाच्या आजाराने मेले, तेव्हा तपासणीत माणसांत फिरणारे विषाणू सापडले. किबालेच्या एका कळपात 2013 साली 56 पैकी 5 चिंपांझी गेले. कारण काय, तर आपल्याला साधी सर्दी करणारा विषाणू. आपण शिंकतो, दोन दिवस सुंठ-मिरीचा काढा पितो आणि विसरून जातो. तिकडे जंगलात आई जाते.

मावसभावाला जे नियम जाचक वाटले होते, ते मास्क, ते अंतर, तो एक तास, ते सगळे ह्या मरणांतून आलेले आहेत. कोणा साहेबाने खुर्चीत बसून काढलेलं परिपत्रक नव्हे ते. आपल्याला जवळून दिसणारा प्रत्येक रानटी प्राणी हा कोणीतरी कित्येक वर्षं खपून 'दिसण्याजोगा' केलेला असतो आणि त्यात त्या प्राण्याचं काहीतरी गेलेलं असतं.

आता येऊया घरी, तारकर्लीला.

आमच्या गाद्याला कोणी केळी घातली नाहीत. त्याला सवय लावायला कोणी वर्षं खर्ची घातली नाहीत. तो मुळात शेजारीच होता. त्यामुळे आमच्याकडे लोकांना वाटतं की गादा बघणं हे फुकट आहे. म्हणजे बोटीचं भाडं सोडलं तर कोणाचं काही जात नाही. पण ह्या शेजाराचाही इतिहास आहेच.

मामा लहान असताना देवबाग-तारकर्लीचं पोट मुख्यतः मासळीवर आणि नारळावर होतं. रापण हा शब्द मालवणबाहेरच्यांना ठाऊक नसेल तर सांगते. लांबच लांब जाळं होडीने समुद्रात अर्धवर्तुळ टाकत नेतात आणि मग दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढतात. त्याला एक-दोघं पुरत नाहीत, गावच लागतं. पुरुष, बायका, शाळेतून आलेली पोरं, सगळे दोराला. मिळालेल्या मासळीचे वाटे ठरलेले. कोणाची पाळी कधी, कोणाचा वाटा किती, ह्याची शिस्त कागदावर नसेल पण मोडायची छाती कोणाची नव्हती.

1981 च्या 1 मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. 1987 च्या एप्रिलमध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, साधारण 29 चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात. मच्छीमारांनी त्याला जोरात विरोध केला. 'आमचा समुद्र आमच्याकडून काढून घेणार' ही भीती होती, आणि ज्यांनी तो समुद्र पिढ्यान्‌पिढ्या राखला त्यांना आधी विचारलं नाही हा राग होता. तो राग अजून पुरता गेलेला नाही. संरक्षण हा शब्द आमच्या आजोळी आजही जरा जपूनच उच्चारावा लागतो.

मग 1997 मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. मुंबईहून रात्री निघालेला माणूस सकाळी कुडाळला उतरू लागला. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान होतंच, हळूहळू घरोघरी खोल्या निघाल्या, सोलकढी आणि सुरमई-थाळीचे फलक लागले. त्याच काळात समुद्रात मोठी यांत्रिक जाळी वाढली. पर्सिसीनवाले थव्याचा थवा एकदम उचलू लागले. रापणीला मासळी कमी पडू लागली. पर्सिसीनवर शासनाने निर्बंध घातले ते 2016 च्या फेब्रुवारीत, पण तोवर कितीतरी रापणी विस्कटल्या होत्या. ज्यांच्या होड्या रिकाम्या येऊ लागल्या त्यांनी त्याच होड्यांत माणसं भरली. सकाळी सातला निघायचं, देवबागच्या संगमापर्यंत जायचं, गादे दाखवायचे, त्सुनामी आयलंडवर उतरवायचं, परत.

सांगायचा मुद्दा हा की, तारकर्लीचा वाटाड्या असा तयार झाला. किबालेच्या वाटाड्यासारखं त्याला कोणी प्रशिक्षण देऊन घडवलेलं नाही. त्याच्याकडे होतं ते बापाकडून आलेलं समुद्राचं वाचन. मामा गादे कसे शोधतो ते मी कैक वेळा बघितलंय. तो आधी पाण्याकडे बघतच नाही, पक्ष्यांकडे बघतो. कुरव कुठे घिरट्या घालतायत. मग भरती-ओहोटीची वेळ. नदीचं पाणी समुद्राला मिळतं तिथे मासळी येते, मासळीमागे गादे. मग पाण्याचा रंग. आणि शेवटी तो इंजिन बंद करून ऐकतो. गादा श्वास सोडतो त्याचा 'फुस्स' असा आवाज शांत पाण्यावर लांबून येतो. आधी चोच दिसते, मग पाठीचा उंचवटा, मग शेपूट, की गेला खाली. पर्यटक कॅमेरा काढेपर्यंत खेळ खलास. अशा वेळी मामाचं एक ठरलेलं वाक्य असतं, "ते आपसून येतत. आपण तेंच्या मागसून जावचा नाय."

मामाने हे कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. पण 2010 नंतरच्या दशकात सिंधुदुर्गच्या समुद्रात तरुण अभ्यासकांनी जे काम केलं त्यातून हेच निघतं. कोकण सिटेशियन रिसर्च टीम नावाच्या गटाने इथे बोटीने फिरून, मच्छीमारांशी बोलून नोंदी केल्या. (सिटेशियन म्हणजे देवमासे, डॉल्फिन हे सगळं कुटुंब.) गाद्याच्या पाठीवरच्या पराच्या कडेला खाचा असतात, ओरखडे असतात. त्यांचे फोटो जुळवून एकेक गादा ओळखता येतो, आपल्या बोटांच्या ठशांसारखा. 2015 साली तर ह्याच गटाला सिंधुदुर्गच्या समुद्रात निळा देवमासा दिसला, जगातला सर्वात मोठा प्राणी. आमच्या घरी ती बातमी आली तेव्हा आजी फक्त म्हणाली होती, "असतलोच." म्हणजे असणारच. समुद्रात काय आहे आणि काय नाही ह्याबद्दल आजीला आश्चर्य कधी वाटायचंच नाही.

पण गाद्याची खरी अडचण त्याच्या राहण्याच्या जागेत आहे. त्याला उथळ पाणी लागतं. साधारण वीस-पंचवीस मीटरपेक्षा खोल समुद्रात तो सहसा जात नाही. किनाऱ्यालगतची एक पट्टी, नद्यांची मुखं, खाड्या, एवढंच त्याचं जग. म्हणजे जिथे आपली गावं, आपली जाळी, आपली सांडपाण्याची तोंडं आणि आपल्या पर्यटनाच्या बोटी, नेमकं तिथेच त्याचं घर. मादीला साधारण तीनेक वर्षांतून एक पिल्लू होतं. तो बघतो त्यापेक्षा जास्त ऐकतो, आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासळी शोधतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा कितीतरी वेगाने आणि लांबवर जातो. आठ-दहा इंजिनं एकदम घरघरायला लागली तर त्याचं काय होत असेल ते मिक्सर चालू असताना फोनवर बोलून बघा, थोडी कल्पना येईल.

आणि चिंपांझीला नकोसं झालं तर तो दाट झाडीत निघून जाऊ शकतो. गाद्याला श्वासासाठी वर यावंच लागतं. आपण ते वर येणं बघून टाळ्या वाजवतो.

इथे मला ऑस्ट्रेलियातलं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे नावाचा उपसागर आहे. तिथल्या डॉल्फिनचा अभ्यास कित्येक वर्षं चालू होता, एकेक डॉल्फिन ओळखीचा. तिथे डॉल्फिन दाखवणारी आधी एकही बोट नव्हती, मग एक आली, मग दुसरी. अभ्यासकांनी तिन्ही काळांतल्या नोंदी ताडून बघितल्या. एक बोट असताना फारसा फरक दिसला नाही. दोन झाल्यावर बोटी फिरायच्या त्या भागातले डॉल्फिन साधारण सातातला एक ह्या प्रमाणात कमी झाले. हे 2006 साली प्रसिद्ध झालं. आणि तिथल्या सरकारने काय केलं? परवाने दोनाचे परत एक केले.

दोन बोटी. फक्त दोन. मी हे वाचलं तेव्हा डोळ्यासमोर मे महिन्यातला देवबागचा संगम आला. शार्क बे वेगळा, तिथला डॉल्फिन वेगळ्या जातीचा, तिथला हिशेब इथे जसाच्या तसा लावता येणार नाही हे मान्य. पण तिथे एक गोष्ट दिसली ती इथेही खरी असू शकते. डॉल्फिन कमी होतात ते एकदम मरून पडत नाहीत. ज्यांना सहन होत नाही ते हळूच दुसरीकडे जातात. जे राहतात ते आपल्याला दिसत राहतात आणि आपण म्हणतो, काय बिघडलंय, रोज तर दिसतायत.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर मामेभाऊ माझ्याशी बोलायचा बंद होईल, आणि ते योग्यच होईल. पुण्या-मुंबईत बसून 'बोटी कमी करा' म्हणणं सोपं आहे. त्याच्या मागे 1987 चं अभयारण्य आहे, आधी न विचारता आलेलं. त्याच्या मागे रिकामी रापण आहे. पावसाळ्याचे महिने बोट किनाऱ्यावर ओढून ठेवायची आणि उरलेल्या महिन्यांत वर्षाचं कमवायचं, मुलांची फी, घराची कौलं, सगळं त्यातून. आणि गिऱ्हाईक? गिऱ्हाईक आपणच. 'डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत देणार का?' हे विचारणारे कोण असतात? शेजारच्या बोटीवाल्याला जवळून दिसला, तुम्ही पण घ्या ना पुढे, असं ओरडणारे कोण असतात? मामा मागे न जाता थांबून राहिला म्हणून त्याला तोंडावर 'तुमच्यापेक्षा ती दुसरी बोट बरी होती' असं ऐकवणाऱ्या एका कुटुंबाला मी स्वतः बघितलंय. वेगवान बोट घ्यायची कल्पना मामेभावाच्या डोक्यात आकाशातून पडलेली नाही. ती आपण घातलेली आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. (मामा, तुम्ही दोघांनी हे नीट वाचा.)

बोट घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण वेगासाठी घेऊ नका. वेग विकायला लागलात की उद्या तुमच्याहून वेगवान बोट येईल, परवा तिच्याहून. ह्या शर्यतीत शेवटी हरतो तो गादा, आणि तो गेला की संगमावर दाखवायला उरेल फक्त पाणी. तुमच्याकडे विकायला दुसरं काहीतरी आहे, जे वेगवान बोटवाल्याकडे नाही. मामाचं वाचन. पक्षी कसे बघायचे, ओहोटी कशी ओळखायची, इंजिन बंद करून कान कसा द्यायचा. किबालेचा वाटाड्या दोन तास चालवतो आणि लोक त्याचे पैसे देतात ते काही फक्त त्या एका तासाचे नाहीत. त्या दोन तासांत तो जे दाखवतो, शिकवतो, त्याचेही असतात. चिंपांझी दिसतीलच अशी हमी तिथेही कोणी देत नाही.

आणि नियमांचं म्हणाल, तर बाहेरच्या कोणी येऊन करायची वाट कशाला बघायची? रापणीला नियम कोणी घालून दिले होते? पाळी कोणाची, वाटा किती, हे गावानेच ठरवलं आणि गावानेच पाळलं. एका वेळी गाद्यांजवळ दोन-तीनच बोटी, बाकीच्यांनी लांब थांबायचं. वीस मिनिटं झाली की पुढच्याला पाळी द्यायची. समोरून आडवं जायचं नाही, कळपाच्या मधून बोट घालायची नाही, पिल्लू दिसलं की मागे सरायचं. इंजिन हळू, आणि जमेल तिथे बंद. ह्यात नवीन काय आहे? जाळ्याऐवजी नजर टाकायची, एवढाच फरक. रापणीत वाट्याला आलेली मासळी आपापल्या घरी जायची. इथे वाट्याला येतं ते नुसतं बघणं, आणि ते वाटून घेता येतं, फक्त एकाच वेळी सगळ्यांनी घ्यायचं नाही.

वाचणाऱ्या बाकीच्या मंडळींना एकच विनंती. यंदा तारकर्लीला गेलात तर बोट ठरवताना 'डॉल्फिन नक्की दिसतील ना?' ह्याऐवजी 'तुम्ही मागे लागत नाही ना?' असं विचारून बघा. बोटवाला आधी चमकेल. पण दहा जणांनी विचारलं तर अकराव्याला तो स्वतःहून सांगेल.

असो. बरंच लांबलं. मामेभावाचा फोन आला की काय ठरलं ते कळवीनच. आणि मावशी, तुझ्या लेकाला सांग, पुढच्या वेळी सुट्टीवर येशील तेव्हा ते किबालेचे नियम छापून आण. मामाला मालवणीत करून हवे आहेत.